दुपारी जाणारं नेट कागदावर कसं आणायचं: डोंबिवलीतल्या एका फायबर जोडणीचं प्रकरण

घर नमुन्याचं आहे, बिघाड मात्र कुठल्याही शहरात रोज सापडेल असा. डोंबिवली पूर्वेतली चार मजली जुनी इमारत, तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, १०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन. बिल एका मोठ्या कंपनीचं. वायर ओढणारा, बॉक्स बसवणारा आणि कम्प्लेंट आली की माणूस पाठवणारा स्थानिक केबलवाला. घरातल्या ताई विम्याच्या दाव्यांचं काम घरून करतात, नऊ ते सहा, ऑफिसच्या व्हीपीएनवर. मे महिन्यात दुपारचं नेट जायला लागलं. जातं दोन-अडीच मिनिटं आणि आपोआप परत येतं. पण व्हीपीएन तुटला की पुन्हा लॉगिन, पुन्हा ओटीपी, अर्धवट भरलेला दावा पुन्हा पहिल्यापासून. दोन मिनिटांच्या खंडाची किंमत दहा मिनिटं.

चार कम्प्लेंटी झाल्या. चारही बंद, शेरा एकच: स्पीड टेस्ट ओके.

तिसऱ्या भेटीतलं बोलणं साधारण असं:

"मॅडम, बघा ना, शंभरला अठ्ठ्याण्णव येतोय. लाइन एकदम क्लिअर आहे."

"दादा, आता साडेसहा वाजलेत. माझं जातं ते दुपारी दीड-दोनला."

"मग वाय-फायचा प्रॉब्लेम असेल. राउटर बदलून बघा. एक ओटीपी आला असेल, तेवढा सांगा."

या माणसाला खोटारडा म्हणण्यात अर्थ नाही. त्याच्या हातातल्या ॲपला एकच प्रश्न कळतो: जोडणी या क्षणी चालू आहे का? कॉल सेंटरच्या पडद्यावरही तेवढंच दिसतं, ओएनटी (फायबर ज्यात येऊन संपते ते घरातलं खोकं) ऑनलाइन, हिरवा ठिपका. अधूनमधून होणारा बिघाड या व्यवस्थेत बसतच नाही, कारण ती 'आत्ता'पलीकडे बघत नाही. म्हणून "वारंवार जातं हो", "खूप त्रास आहे" ही वाक्यं दहा वेळा लिहिली तरी तिकीट तिथंच बंद होतं. कंपनीला पटेल अशा कागदाला तीन गोष्टी सांगता आल्या पाहिजेत: नेमक्या कोणत्या मिनिटाला गेलं, ओएनटीच्या अलीकडे गेलं की पलीकडे, आणि कंपनीच्या स्वतःच्या कोणत्या नोंदीशी ते ताडून पाहता येईल. तिसरी गोष्ट बहुतेक ग्राहक सोडून देतात, आणि खरा जोर तिच्यातच आहे.

आधी वाय-फाय बाजूला

नोंद ठेवणारं यंत्र वायरनं जोडलेलं हवं. त्याशिवाय केलेली नोंद पहिल्याच उत्तरात उडते. इथे एक जुना लॅपटॉप लॅन केबलनं राउटरला जोडला. त्याचं वाय-फाय बंद केलं, नाहीतर केबल सैल झाली की तो गुपचूप वाय-फायवर किंवा मोबाइलच्या हॉटस्पॉटवर सरकतो आणि नोंदीचा चिखल होतो. झाकण मिटलं तरी झोपणार नाही अशी सेटिंग केली, अपडेटनंतर आपोआप रीस्टार्ट होणं थांबवलं, घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घेतलं. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक असेल तर आणखी बरं, वीज कमी खातो; पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी असते हा त्याचा फायदा. ओएनटी आणि राउटर बारा व्होल्टच्या छोट्या डीसी यूपीएसवर टाकले. वीज गेल्यामुळे झालेला खंड आणि लाइनचा खंड एकमेकांत मिसळला की सगळा पुरावा पातळ होतो.

दर पाच सेकंदांनी चार ठिकाणी पिंग, म्हणजे 'आहेस का?' अशी छोटी हाक; उत्तर किती वेळात आलं ते टिपायचं. पहिलं, राउटर स्वतः, म्हणजे १९२.१६८.१.१. दुसरं, कंपनीच्या बाजूचा पहिला टप्पा. ट्रेसराउट (वाटेतले टप्पे दाखवणारी आज्ञा) चालवलं की राउटरनंतरच्या ओळीत दिसतो तो पत्ता. तो बहुधा १० पासून किंवा १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातून सुरू होतो. तिसरं आणि चौथं, १.१.१.१ आणि ८.८.८.८. बाहेरचे पत्ते दोन घ्यायचे, कारण एखादा पत्ता एकटाच गप्प बसला तर तो दोष लाइनचा नसतो.

चारही उत्तरं वेळेसकट एका ओळीत लिहिली तर दिवसाला १७,२८० ओळी होतात, साधारण एक एमबी. दर सेकंदाला नोंद घेतली तर ८६,४०० ओळी. ऑनलाइन गेममधले दोन-तीन सेकंदांचे झटके पकडायचे असतील तर तेवढं बारीक जावं लागतं. दोन मिनिटांच्या खंडाला पाच सेकंद पुरेत. स्मोकपिंग किंवा पिंगप्लॉटरसारखी तयार साधनं आलेखही काढून देतात. तरी मूळ मजकूर-फाइल जपायचीच. आलेखावर वाद घालता येतो, ओळींवर येत नाही.

दुपारच्या एका खंडाच्या कडा नोंदीत अशा दिसल्या:

१४:११:३५ | राउटर १ | पहिला टप्पा ४ | १.१.१.१ ६ | ८.८.८.८ ७
१४:११:४० | राउटर १ | – | – | –
१४:११:४५ | राउटर १ | – | – | –
१४:१४:०५ | राउटर १ | ५ | ६ | ७

(आकडे मिलिसेकंदांत, मधल्या ओळी गाळल्या आहेत.) राउटर सतत एका मिलिसेकंदात उत्तर देतोय, म्हणजे लॅपटॉप, केबल आणि राउटर ठीक. त्याच सेकंदाला पलीकडचं सगळं बंद. वाय-फायचा मुद्दा इथे संपतो.

बाकीच्या जोड्याही लावून ठेवाव्यात. राउटरही गप्प असेल तर दोष घरातला: केबल, राउटर किंवा वीज. पहिला टप्पा बोलतोय पण बाहेरचे दोन्ही पत्ते गप्प, तर कंपनीच्या पुढच्या जाळ्यात काहीतरी आहे. तिथे वायरमन पाठवून उपयोग नाही. चारही उत्तरं येतायत पण साइट उघडत नाहीत, तर डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) बघायचा.

दोन ठिकाणी भलेभले फसतात. विंडोजचं पिंग, बाहेरची वाट तुटल्यावर राउटरनं पाठवलेलं "तिथवर पोचता येत नाही" हे उत्तरसुद्धा 'मिळालं' म्हणून मोजतं. शेवटी बेरीज येते शून्य टक्के हानी (एकही उत्तर हरवलं नाही), आणि ग्राहक स्वतःच्याच पुराव्यानं हरतो. म्हणून बेरजेवर विसंबायचं नाही. खऱ्या उत्तरात मिलिसेकंद आणि 'टीटीएल' असं लिहिलेला आकडा असतात, त्यांच्यावरून मोजायचं. दुसरा सापळा एमटीआर किंवा विनएमटीआर या, प्रत्येक टप्प्याची हानी दाखवणाऱ्या साधनांच्या स्क्रीनशॉटचा. मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के हानी लाल रंगात दिसते आणि लोक तेच चित्र कंपनीला पाठवतात. मधले राउटर पिंगला उत्तर देणं मुद्दाम कमी महत्त्वाचं धरतात. ती हानी शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकत नसेल तर ती हानीच नव्हे. कंपनीतला जाणकार इंजिनिअर असा स्क्रीनशॉट पाहतो आणि पुढचं पान उलटत नाही. कंपनीचा पहिला टप्पाही असाच अबोल असू शकतो. नोंद सुरू करण्यापूर्वी तासभर तपासायचं, तो एरवीही उत्तर देत नसेल तर त्याच्या पुढचा घ्यायचा.

ओएनटी काय सांगतो

पिंगनं बिघाडाची बाजू कळते, कारण कळत नाही. त्यासाठी ओएनटीचं पान उघडायचं. खोक्याच्या तळाला चिकटवलेल्या पट्टीवर पत्ता आणि पासवर्ड असतो. आत 'पॉन' किंवा 'ऑप्टिकल' नावाच्या पानावर 'आरएक्स पॉवर' दिसते, उणे डीबीएममध्ये (पोचणाऱ्या प्रकाशाचं माप; उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश कमी). वायरमन लोक "पॉवर किती येतोय?" म्हणतात तो हाच आकडा.

आपल्याकडच्या घरगुती फायबरवर बहुतांशी जीपॉन ही पद्धत चालते: कंपनीकडून येणारा प्रकाश १४९० नॅनोमीटरचा, घराकडून जाणारा १३१० चा. सर्रास वापरात असलेल्या बी-प्लस वर्गाच्या ओएनटीला उणे ८ ते उणे २७ डीबीएमच्या दरम्यान प्रकाश लागतो. उणे २७ ही कडा आहे. काही खोकी तिच्यापलीकडेही थोडा वेळ तग धरतात, काही धरत नाहीत. दर ३ डीबीला प्रकाश निम्मा होतो, १० डीबीला दशांश. म्हणजे सकाळी उणे २३.५ आणि दुपारी उणे २७ हा फरक 'साडेतीनच' नाही, अर्ध्याहून जास्त प्रकाश वाटेत कुठेतरी सांडतोय.

इथे रोज चार वेळा आकडा टिपला. एका दिवसाचा नमुना: सकाळी ७ ला उणे २३.६, दुपारी १ ला उणे २६.१, अडीचला उणे २७.४, रात्री १० ला उणे २३.८. ढगाळ दिवशी दुपारचा आकडा उणे २४.९ वर थांबला आणि त्या दिवशी एकही खंड नाही. इतकं झाल्यावर उन्हाचा संशय वेगळा सांगावा लागत नाही.

दिवेही बघायचे. 'एलओएस' लाल लुकलुकतोय म्हणजे प्रकाशच पोचत नाही. 'एलओएस' विझलेला पण 'पॉन' हिरवा लुकलुकतोय म्हणजे प्रकाश येतोय, कंपनीच्या यंत्रावर नोंदणी होत नाहीये; तो दोष वेगळा. ताईंनी खंड पडताच मोबाइलवर पंचवीस सेकंदांचा व्हिडिओ घेतला: एकाच चौकटीत लाल दिवा, लॅपटॉपवरचं पिंग आणि पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ. असा एक व्हिडिओ पुरतो. वीस पाठवले तर कुणी बघत नाही.

राउटरची स्वतःची नोंदवहीही उतरवून घ्यावी, पण तिचं घड्याळ आधी तपासून. टाइम झोन भारताचा नसेल तर दुपारी २ वाजून ११ मिनिटांचा खंड तिथे सकाळी ८:४१ ला दिसतो आणि कागद एकमेकांशी जुळत नाहीत. त्या नोंदीत अचानक १ जानेवारी १९७० ही तारीख आली तर खोकं रीस्टार्ट झालंय. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत बरीच खोकी तिथून मोजायला लागतात. तेव्हा फायबरच्या मागे लागायचं नाही. बारा व्होल्टचा ॲडॅप्टर संशयित. जुना ॲडॅप्टर मोकळा असताना मल्टिमीटरवर बारा दाखवतो आणि भार आला की खाली बसतो, म्हणून खोकं चालू असतानाच मोजायचं. या घरात विनाकारण १९७० एकदाही आलं नाही.

तो हिरवा कनेक्टर काढून, फुंकर मारून परत लावण्याचा मोह आवरावा. फुंकरीतला ओलावा आणि बोटाचा तेलकटपणा काचेच्या टोकावर बसतो, पुढच्या वेळी पॉवर आणखी पडते आणि दोष आपल्या माथी. टोकात डोकावून तर अजिबात पाहायचं नाही. तो प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, इजा मात्र करू शकतो. हिरवं टोक हिरव्यातच जातं. निळं टोक सपाट घासलेलं, हिरवं ८ अंशांत तिरपं. दोन्ही एकमेकांत बसतात, पण मध्ये फट राहते.

शेजाऱ्याचा आकडा

या प्रकरणात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात बोलका पुरावा हाच होता. गच्चीवरच्या डब्यात स्प्लिटर (एका तारेतला प्रकाश अनेक वायरींत वाटणारा) आहे, तिथून इमारतीतल्या फ्लॅटना वायरी उतरतात. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची जोडणी त्याच डब्यातून, त्याच कंपनीची. त्यांच्या ओएनटीवर दुपारी अडीचला उणे १९.२. सकाळीही जवळपास तेच. त्यांचं नेट जात नाही.

म्हणजे कंपनीचं यंत्र, रस्त्यावरची केबल, गच्चीपर्यंतची मुख्य तार आणि स्प्लिटरची आवकबाजू, सगळं निर्दोष. दोष स्प्लिटरच्या त्या एका पायापासून तिसऱ्या मजल्यावरच्या खोक्यापर्यंत. किलोमीटरांचा प्रश्न दोन मजल्यांवर आला. उलट काकांचंही त्याच मिनिटाला गेलं असतं तर घरातली वायर बदलण्यात काही हशील नव्हतं.

हिशेबानंही हेच निघतं. कंपनीचं यंत्र अधिक ३ डीबीएमनं प्रकाश सोडतंय असं धरा. एकूण बत्तीस वाटे करताना सुमारे १७ डीबी जातात, चार किलोमीटर तारेत एक-सव्वा, कनेक्टर आणि जोडांत दोनेक. घरी उणे १७-१८ यायला हवेत. काकांचे १९ त्याच्या जवळ आहेत. ताईंच्या वायरीत गारव्यातही चार-पाच डीबी जास्तीचे जातायत.

वेळेचा ठसा

नोंद दहा दिवस चालली. एकूण ४१ खंड. त्यांतले दोन डीसी यूपीएसची वायर निघाल्यामुळे, एक राउटर मुद्दाम बंद-चालू केल्यामुळे, एक असा की पहिला टप्पा बोलत होता आणि बाहेरचं बंद होतं. हे चार वेगळे काढले आणि कागदावर तसं लिहिलं. उरलेले ३७ खंड लाइनचे. सगळे दुपारी १२:४० ते ४:३० च्या मध्ये, एकूण ९८ मिनिटं. आपल्या बाजूचे खंड आपणच वजा करून दाखवले की उरलेल्यांवर शंका घ्यायला जागा राहत नाही.

आता टक्केवारी. दहा दिवस म्हणजे १४,४०० मिनिटं, त्यांतली ९८ बंद. सेवा ९९.३ टक्के चालू! हा आकडा तक्रारीत घातला तर कंपनी तो फ्रेम करून लावेल. दुपारच्या त्या पावणेचार-चार तासांत मात्र सरासरी दर तासाभराला एक खंड पडतो, आणि व्हीपीएन तासाला एकदा तुटला तर काम होत नाही. कागदावर हेच लिहायचं: किती वेळा, कोणत्या तासांत. एकूण टक्केवारी कंपनीच्या सोयीची असते.

खंड दोन-अडीच मिनिटांचेच का, यालाही कारण आहे. प्रकाश काही सेकंदच गेला तरी ओएनटीला पुन्हा नोंदणी करावी लागते, मग बहुधा पीपीपीओई, म्हणजे राउटरचं कंपनीच्या सर्व्हरवरचं लॉगिन, नव्यानं डायल होतं. राउटर जोडणीची नाडी ठरावीक अंतरानं तपासतो. ती लागोपाठ चुकल्याशिवाय जुनं सेशन मेलं असं तो मानत नाही. म्हणून फायबरला पाच सेकंदांची गुचकी लागली की घरात दोन मिनिटांचा अंधार.

वेळेचा ठसा प्रत्येक बिघाडाचा वेगळा असतो. रोज बरोबर त्याच मिनिटाला, किंवा लॉगिननंतर नेमके चोवीस तास झाले की जातं, तर बहुधा कंपनीच सेशन तोडते. लाइन ठीक आहे. पावसात जातं आणि ऊन पडल्यावर दोन दिवसांनी सुधारतं, तर डब्यात किंवा जोडात पाणी. रात्री आठ ते अकरा नेट जात नाही पण रखडतं, पिंग ६ वरून १५० वर चढतो, तर गर्दी. ती तक्रार निराळी, तिला पिंगचा चढता आलेख लागतो. गल्लीतली वीज गेली की आपल्याकडे इन्व्हर्टर असूनही नेट जातं, तर केबलवाल्याच्या स्विचला बॅकअप नाही. लॅन केबलनं नेट देणाऱ्या जुन्या इमारतींत हा प्रकार फार.

कंपनीचीच वही

आपली नोंद कितीही नेटकी असो, ती आपली. कंपनीकडे याच खंडांची तिची स्वतःची नोंद पडून असते, फक्त पहिल्या फळीतला माणूस ती उघडत नाही. दोन ठिकाणी.

पहिलं, पीपीपीओई सेशनचा हिशेब. दर सेशन कधी सुरू झालं, कधी संपलं आणि का संपलं हे कंपनीचा सर्व्हर लिहून ठेवतो. बऱ्याच कंपन्यांच्या ग्राहक-पोर्टलवर 'सेशन' किंवा 'युसेज' या पानावर सुरुवात-शेवट दिसतातही. इथे ते पान पीडीएफ करून ठेवलं. ३७ पैकी ३१ खंड त्यात सापडले, शेवटाची वेळ काही ठिकाणी मिनिटभर उशिराची. उरलेले सहा इतके छोटे होते की सेशन तुटलंच नाही. हे सहा लपवायचे नाहीत, कारणासकट लिहायचे.

दुसरं, ओएलटी, म्हणजे कंपनीच्या टोकाचं यंत्र. ओएनटी शेवटचं कशामुळे तुटलं हे त्याला माहीत असतं. घरातली वीज गेली तर ओएनटी मरता मरता एक संदेश पाठवतो, त्याला 'डाइंग गॅस्प' म्हणतात. तो संदेश न येता प्रकाश हरवला तर नोंद पडते सिग्नल गेल्याची. त्यामुळे "तुमच्या घरची लाइट गेली असेल" या उत्तराचा निकाल कंपनीच्याच यंत्रात लागतो. तक्रारीत हा प्रश्न नाव घेऊन विचारला की ती पहिल्या फळीतून वर सरकते, कारण खालच्या माणसाला त्याचं उत्तर देता येत नाही.

पत्र

एक पान. जोडपत्रं वेगळी. भावना, धमक्या, ट्विटरवर टाकण्याचे इशारे काही नाही. पाठवलेला मजकूर असा:

"ग्राहक क्रमांक –––, आधीचे तक्रार क्रमांक ––– (चार). ५ ते १४ मे या दहा दिवसांत या जोडणीवर दुपारी १२:४० ते ४:३० या वेळेत ३७ खंड पडले. प्रत्येक खंडात राउटर उत्तर देत होता, आपल्या जाळ्याचा पहिला टप्पा देत नव्हता (जोडपत्र १). ओएनटीवर येणारी पॉवर सकाळी उणे २३.६ व दुपारी उणे २७.४ डीबीएम आहे (जोडपत्र २). त्याच डब्यावरील दुसऱ्या मजल्याच्या जोडणीवर त्याच वेळी उणे १९.२ आहे. ३१ खंड आपल्याच पोर्टलवरील सेशनच्या नोंदीशी जुळतात (जोडपत्र ३). घरच्या कारणाने झालेले ३ व आपल्या पुढील जाळ्यातील १ खंड यात धरलेले नाहीत. विनंती: (अ) या ओएनटीच्या खंडांची ओएलटीवरील कारणे कळवावीत. (आ) दुपारी १ ते ४ या वेळेत पॉवर मीटर व स्प्लायसिंग मशीन घेऊन माणूस पाठवावा. गच्चीवरील डबा ते फ्लॅट एवढा भाग तपासावा. (इ) दुरुस्तीनंतर दुपारच्या वेळचे रीडिंग देऊनच तक्रार बंद करावी."

(आ) मधली वेळ आणि अवजारं सगळ्यात महत्त्वाची. स्प्लायसिंग मशीन म्हणजे फायबरची दोन टोकं वितळवून एकजीव करणारं यंत्र. सायंकाळी साडेसहाला मोबाइल घेऊन येणारा माणूस या बिघाडाला पाचव्यांदाही पकडणार नाही. शेजाऱ्याचा आकडा लिहिण्यापूर्वी त्यांना विचारायचं. त्यांचा ग्राहक क्रमांक लिहायची गरज नाही.

पत्र स्थानिक केबलवाल्याला द्यायचंच, पण ईमेल बिलावर जिचं नाव आहे त्या कंपनीला. सेवा सुधारण्याची जबाबदारी तिची. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१२ च्या नियमांनुसार तक्रारीला क्रमांक मिळतो, आणि समाधान झालं नाही तर कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं; अपिलाचा निकाल ३९ दिवसांत लागायला हवा. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, तिथे अर्ज करून महिना घालवू नये. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करता येते. ग्राहक आयोगाचा रस्ताही मोकळा आहे: दूरसंचार सेवेच्या तक्रारी आयोग ऐकू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तिथवर जायची वेळ आली तर मूळ नोंद-फाइल जशीच्या तशी लागते; एक्सेलमध्ये रंगवलेली प्रत ही प्रत, मूळ वेगळी ठेवायची.

एक सूचना आणखी. दुरुस्तीनंतर मागतात तो ओटीपी म्हणजे "काम झालं" अशी आपली सही. दुपार पाहिल्याशिवाय तो द्यायचा नाही. माणूस अडून बसतो, त्याला दिवसाचा हिशेब द्यायचा असतो. "दादा, उद्या चारला फोन करा, तेव्हा सांगते" एवढं पुरतं.

गच्चीवर काय निघालं

पत्रानंतर तिसऱ्या दिवशी दुपारी दोनला दोघं आले, या वेळी मीटर आणि मशीन घेऊन. मीटर आधी घरात, मग गच्चीवर. स्प्लिटरच्या पायावर उणे १८.३, जोडाच्या पुढे उणे २७. नऊ डीबी एका जोडात.

डबा पाण्याच्या टाकीशेजारी, उघड्या उन्हात. ताईंच्या वायरीला तिथे मेकॅनिकल जोड होता: दोन टोकं समोरासमोर दाबून बसवलेली, मध्ये प्रकाश पार व्हावा म्हणून जेल. मशीन न आणता पाच मिनिटांत होतो म्हणून हा जोड लोकप्रिय आहे, आणि सावलीत वर्षानुवर्षं टिकतोही. उन्हात जेल सुकतं, प्लॅस्टिक फुगतं-आक्रसतं, टोकं केसभर सरकतात. रात्री गार झालं की पुन्हा जवळ येतात, म्हणून सायंकाळी सगळं ठीक. भरीला वायर कठड्याच्या कोपऱ्यावर केबल टायनं करकचून आवळलेली. वाकलेल्या फायबरमधून लांब तरंगलांबीचा प्रकाश जास्त गळतो, म्हणजे घराकडे येणाऱ्या १४९० ला ती गाठ जास्त नडली.

काम पाऊण तासाचं. टाय कापला, कोपऱ्यावर वायरीला मोकळा वळसा दिला, जोड काढून मशीननं स्प्लाइस मारला (असा जोड नीट जमला तर ०.१ डीबीच्या आत जातो), वर उष्णतेनं आकसणारी नळी बसवली, आणि जोडाचा ट्रे जिन्याच्या आतल्या भिंतीवर हलवला. ओएनटीवर त्या क्षणी उणे १८.९. दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला उणे १९.०, ऊन तसंच. ओटीपी तेव्हा दिला. नोंद आणखी आठवडाभर चालू ठेवली. लाइनचा एकही खंड नाही. भाड्यातली सूट वेगळ्या ईमेलनं, दुरुस्तीनंतर मागितली. दुरुस्ती आणि पैसे एकाच पत्रात मागितले की फाइल बिलिंगकडे जाते आणि वायरमन येत नाही.

त्याच डब्यात चौथ्या मजल्याच्या वायरीचा जोड अजून मेकॅनिकलच आहे. त्यांच्या ओएनटीवर दुपारी उणे २४.६, सकाळी उणे २२.१. नेट अजून जात नाही. हे दोन आकडे आणि तारीख ताईंच्या तक्रार क्रमांकाचा हवाला देऊन त्यांनी कंपनीला आताच कळवून ठेवलेत.